ललतातले दोन मध्यम



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो, त्या गुरुजींनी मला बिदरला पेटीवर ललत शिकवला. काळी एकचा षड्ज धरला, की काळी तीनवर शुद्ध मध्यम आणि लगतच पांढरी पाचवर तीव्र. दोन्ही पाठोपाठ उमटले, की कान बिचकतो, मन पंचमाकडे धावते. आणि ललतात पंचमच वर्ज्य! ‘नी रे ग म, तीव्र म, म ग’ एवढेच महिनाभर, तेही संथ. पेटीवर मींड निघत नाही. बोटाने थबकून ती सुचवायची. (याच उणिवेपायी १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली, मला ती अतिरेकी वाटते.)

१९५६ साली बिदर म्हैसूर राज्यात गेले. पुढे सीमावादाचा ज्वर आमच्या वर्गातही शिरला. गुरुजी फळ्यावर तेच स्वर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहीत, आणि दोन्हीकडच्या मुलांना एकाच पेटीवर पाळीपाळीने बसवीत.