संगणक सुरू होताच येणारे आगंतुक
(सावंगी (मेघे) येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीस साहेबांनी मला ‘संगणक आणि आजचा विद्यार्थी’ असा भलामोठा विषय दिला होता. त्यांच्या परवानगीने तो मी लहान करून घेतला आहे. संगणक सुरू करताच आपण न बोलावलेल्या फाइली आणि प्रोग्रॅम आपोआप उघडतात, ते कसे थांबवावे, एवढेच आज सांगावयाचे आहे. मी तज्ज्ञ नव्हे. मराठी आणि इतिहास शिकविणारा मास्तर आहे. पण गेल्या वर्षी जे पाहिले त्यामुळे या विषयात शिरणे भाग पडले.

येथे रुग्णालयाच्या रस्त्यावर फळांची गाडी लावणारे एक चाचा आहेत. मुलगी बारावी विज्ञानला. तिच्यासाठी त्यांनी पैसे साठवून जुना लॅपटॉप घेतला. काही महिन्यांनी असे होऊ लागले की, रोज सकाळी लॅपटॉप सुरू केला की नोटपॅडचे पांढरे पान आपोआप उघडे. त्यावर चौकटी कंसातला एक इंग्रजी शब्द आणि खाली ‘शेल थर्टीटू’ वगैरे अगम्य ओळ. मुलगी म्हणाली, “अब्बा, व्हायरस शिरला.” चाचांनी लॅपटॉप एका दुकानात नेला. दुकानदाराने फारसे न पाहता सांगितले, “फॉरमॅट मारावा लागेल.” सहाशे रुपये गेले, त्याचे दुःख नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी केलेले टिपण गेले, स्कॅन केलेले दाखले गेले, आणि मुलीच्या दादीचे मोबाइलवरून उतरवून ठेवलेले फोटो गेले. दादी आता हयात नाहीत. आणि महिन्याभराने तेच पांढरे पान पुन्हा हजर!

तेव्हा चाचा माझ्याकडे आले. “सर, हे काय प्रकरण आहे?”

प्रकरण व्हायरसचे नव्हतेच. त्या फाइलीचे नाव ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’. फोल्डर कोणत्या नावाने आणि कसा दिसावा याची नोंद विंडोज तीत ठेवते, आणि ती एरवी लपलेली असते. ‘स्टार्टअप’ नावाच्या फोल्डरात जे जे दिसेल ते संगणक सुरू होताना उघडावयाचे, असा विंडोजचा नियम आहे. तेथील या फाइलीवरचा पडदा कोणी काढला की बिचारी रोज सकाळी उघडते. आता पडदा काढला कोणी? मुलीला खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. मैत्रिणीच्या पेनड्राइव्हमधील फाइली दिसेनाशा झाल्या होत्या. कोणीतरी सांगितलेला ‘ॲट्रिब’ हा आदेश तिने दिला. मात्र पेनड्राइव्हच्या ठिकाणी न जाता, काळी खिडकी जशी उघडली तशीच. ती खिडकी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात उघडते. त्यामुळे पेनड्राइव्ह राहिला बाजूला आणि घरातलेच पडदे उडाले. फॉरमॅट झाल्यावर तिने तोच उपाय पुन्हा केला होता.

मुलीला मी रागावलो नाही. पेनड्राइव्हची भीती आपल्याकडे उगीच आलेली नाही. 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात बसे, म्हणजे संगणक सुरू होतानाच कामाला लागे. पुढे 2008 साली ‘कॉन्फिकर’ आला. तो पेनड्राइव्ह लावताच आपोआप चालण्याच्या सोयीचा फायदा घेई. अखेर 2011 साली मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही पेनड्राइव्हपुरती ती सोय बंद केली. याच आजारावर आपल्या पुण्यात औषध निघाले. शालेय शिक्षणानंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलाश काटकर आणि संगणक शिकलेले त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी 1995 साली ‘क्विक हील’ बाजारात आणले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत रोग काय आहे हे त्यांनी आधी पाहिले, हे मला महत्त्वाचे वाटते. असो.

आता घरी गेल्यावर करावयाचे ते सांगतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘स्टार्टअप’ असा भाग आहे. तेथे सुरुवातीला चालणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमची हजेरी लागलेली दिसते. नको त्या नावावर उजवे बटण दाबून ‘डिसेबल’ करा. याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त न बोलावता येणे थांबते. चूक झाली तर तेथेच ‘एनेबल’ करता येते. व्हायरसपासून रक्षण करणारा प्रोग्रॅम आणि आवाजाचा प्रोग्रॅम मात्र राहू द्यावा. नाव ओळखीचे नसेल तर आधी निर्माता कोण ते पाहावे.

एवढ्याने फाइल थांबली नाही तर विंडोजचे बटण आणि ‘आर’ दाबून इंग्रजी अक्षरांत ‘शेल’, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग ‘स्टार्टअप’ असे लिहा. स्टार्टअपचा फोल्डर उघडेल. कोणी ठेवलेला नको असलेला शॉर्टकट तेथून काढून टाका. डेस्कटॉप डॉट आयएनआय दिसली तर तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘हिडन’पुढे खूण करा. संगणकावरील सर्वांसाठी असाच आणखी एक फोल्डर असतो. ‘स्टार्टअप’च्या आधी ‘कॉमन’ हा शब्द घातला की तो उघडतो. आणि कालचे फोल्डर आज पुन्हा उघडत असतील तर फोल्डर ऑप्शन्समधील ‘व्ह्यू’ या भागात मागील फोल्डर पुन्हा उघडण्याची खूण आहे, ती काढावी. हा दोष नव्हे, कोणीतरी चालू केलेली सोय आहे.

पालकांना एक विनंती. दुकानदार फॉरमॅट म्हणाला तर “आधी आमच्या फाइली दुसरीकडे उतरवून द्या” असे स्पष्ट म्हणा. इंग्रजी येत नाही म्हणून संकोचू नका. यंत्र आपल्या पैशाचे आहे.

चाचांच्या लॅपटॉपच्या त्या हजेरीत चौदा नावे निघाली. कोणते ठेवावयाचे हे मुलीनेच ठरविले. पाच ठेवली, नऊ बंद केली. पांढरे पान पुन्हा आले नाही. दादीच्या फोटोंपैकी दोन नागपूरच्या फुफूच्या मोबाइलमध्ये सापडले, ते तिने आता तीन ठिकाणी ठेवले आहेत.