वगळलेले ठिपके

दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे की नाही, हे पाहण्याचे एक अगदी साधे साधन आहे. चौकटींच्या कागदावर एक आडवी व एक उभी रेघ ओढावी. आडव्या रेघेवर एका गोष्टीचे माप घ्यावे, उभ्या रेघेवर दुसरीचे, आणि प्रत्येक नोंदीमागे एक ठिपका द्यावा. ठिपके कसेही विखुरलेले राहिले, तर संबंध दिसत नाही. ते एखाद्या दिशेने कलू लागले, तर सर्वांना शक्य तितकी जवळ राहील अशी एक सरळ रेघ त्यांच्यामधून काढता येते. शाळेतील मुलांना हे एका तासात समजते. परंतु कोणते ठिपके कागदावर घ्यावयाचे, हे ठरविताना जाणती माणसेही चुकतात. १९८६ साली अमेरिकेत अशा चुकीपायी सात जणांचे प्राण गेले.

२७ जानेवारीच्या रात्री ‘चॅलेंजर’ या अवकाशयानाच्या उड्डाणासंबंधी दूरध्वनीवरून चर्चा चालली होती. एका बाजूस नासा ही सरकारी संस्था, दुसऱ्या बाजूस घन इंधनाचे अग्निबाण पुरविणारी मॉर्टन थायोकॉल ही कंपनी. हे अग्निबाण तुकडे जोडून बनविलेले असत, आणि सांध्यांतून जळता वायू निसटू नये म्हणून तेथे रबरासारख्या द्रव्याची कडी बसविलेली असत. थंडीत असे द्रव्य ताठरते आणि सांधा किंचित उघडला, तर चटकन फुलून फट भरून काढीत नाही. फ्लॉरिडात त्या रात्री पाणी गोठविणारी थंडी पडली होती. कड्यांचे तपमान ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली असल्यास उड्डाण करू नये, असे कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले. १९८५ च्या जानेवारीत ५३ अंशांवर झालेल्या उड्डाणात कड्यांना मोठी इजा पोचली होती, हा त्यांचा आधार होता. पण इजा ७५ अंशांवरही झालेली होती! मग दोष थंडीलाच का द्यावा? या प्रश्नाला आकड्यांत देता येईल असे उत्तर अभियंत्यांजवळ नव्हते. अखेर कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपला सल्ला फिरविला. दुसऱ्या दिवशी सकाळी, हवा ३६ अंशांवर असताना, यान उडाले आणि ७३ सेकंदांत त्याचा विध्वंस झाला. यानात क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळेतील शिक्षिकाही होती.

विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने पुढे दोन आलेख छापले. पहिल्यात केवळ इजा झालेली सात उड्डाणे आहेत. त्यांचे ठिपके ५३ पासून ७५ अंशांपर्यंत पसरलेले असून त्यांवरून काहीच निष्पन्न होत नाही. दुसऱ्यात कडी शाबूत राहिलेली उड्डाणेही घेतली आहेत, आणि चित्र एकदम पालटते. ६६ अंश वा त्याहून अधिक तपमानाच्या वीस उड्डाणांपैकी तिहींत इजा झाली होती. ६३ अंश वा त्याहून कमी तपमानाची उड्डाणे चारच, पण त्या चारींत इजा होती. ७५ अंशांवरचा तो अडचणीचा ठिपका जागच्या जागीच आहे, परंतु सर्वांचा मिळून असलेला कल त्या एकट्याला मोडता येत नाही.

बिघाडच झाला नाही, तर मांडावयाचे काय, असे कामाच्या घाईत कोणालाही वाटेल. पण शून्य हीदेखील नोंदच असते.

रेघेविषयीही थोडे सांगावयास हवे. ठिपके आहेत तेथपर्यंतच तिचा भरवसा धरता येतो. ५३ अंशांच्या डावीकडे एकही ठिपका नव्हता. तेथे रेघ पट्टीने वाढविता येते खरी, पण ती अनुभवावर टेकलेली नसते. शिवाय नुसत्या रेघेने कारण सिद्ध होत नाही. कड्यांच्या बाबतीत ते कारण रबराच्या गुणधर्मांत होते, आणि रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने आयोगासमोर कड्याचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून ते दाखविले. ज्या तपमानाचा अनुभव आहे त्याच्या खाली जाऊ नये, एवढीच अभियंत्यांची त्या रात्रीची मागणी होती.

२९ सप्टेंबर १९८८ रोजी पुढचे यान उडाले, तेव्हा सांध्यांची रचना बदललेली होती आणि ते उबदार राहावेत म्हणून विजेवर तापणारी साधने बसविलेली होती.