जावातला रेडा आणि एक डच लेखक

वेंगुर्ल्याला वलंदेजांच्या वखारीचे पडके अवशेष आहेत. वलंदेज म्हणजे डच. आपल्याकडे त्यांचा जम फारसा बसला नाही. जावा बेटावर मात्र ते मालक होऊन बसले. १८३० पासून तिथे त्यांनी नियम केला, की गावाने पाचवा हिस्सा जमीन सरकार सांगेल त्या पिकाला द्यायची. पाचवा हिस्सा कागदावर. प्रत्यक्षात पुष्कळदा जास्तच. ऊस, नीळ, कॉफी हॉलंडला जाई आणि त्या नफ्यावर तिकडे कर्जे फिटत, आगगाड्या होत.

या कारभारात एदुआर्द डेक्कर नावाचा एक डच अंमलदार होता. १८५६ च्या जानेवारीत तो लेबाक जिल्ह्यात नेमला गेला. तिथला देशी सरदार रयतेकडून वेठ घेई, त्याची माणसे जनावरे ओढून नेत. डेक्करने वर तक्रार केली. वरच्यांना शांतता हवी होती, चौकशी नको होती. तीन-चार महिन्यांतच त्याने राजीनामा दिला. पुढे १८५९ साली ब्रुसेल्समध्ये, हातात पैसा नसताना, थोड्या आठवड्यांत त्याने 'मॅक्स हावेलार' ही कादंबरी लिहिली. ती १८६० साली निघाली. लेखकाचे नाव घातले मुल्तातुली. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'मी पुष्कळ सोसले'.

या पुस्तकातली सैजाची गोष्ट शेतकऱ्याला सांगावी लागत नाही, ती त्याला ठाऊकच असते. कोकणात जोताला रेडे जुंपतात, तसेच तिकडे. सैजाच्या बापाचा रेडा वरच्यांनी नेला. वडिलोपार्जित कट्यार विकून त्याने दुसरा घेतला, तोही नेला. मग घरातले चांदीचे किडूकमिडूक विकून तिसरा. या रेड्याने लहान सैजाला वाघापासून वाचवले होते. तोही गेला, आणि कापला गेला. आई खचून मेली. सारा थकला म्हणून बाप पळाला, तर परवान्याशिवाय गाव सोडल्याबद्दल फटके खाऊन तोही मेला. सैजा रेड्यापुरते पैसे मिळवायला बटाव्हियाला जातो. परत येतो तेव्हा त्याची आदिंदा गावात नसते. पुढे ती सापडते, पण डच शिपायांनी मारलेली.

हे खरे घडले काय, असे विद्यार्थी विचारतील. शिक्षकबंधूंनी त्यांना सांगावे, की सैजा कल्पित आहे. पण कुणाकुणाची जनावरे गेली त्याची यादीच लेखकाने पुस्तकात दिली आहे.

मात्र डेक्करला फार मोठे करू नये. डचांनी जावा सोडून जावे, असे त्याने म्हटले नाही. राज्य नीट करा, एवढेच त्याने आपल्या राजाला बजावले. पण स्वदेशाच्या तिजोरीकडे बोट दाखवणे त्या काळी थोडके नव्हते. हे पुस्तक छापण्याचे काम ज्या मित्राने अंगावर घेतले, त्यानेच गावांची नावे आणि साल काढून तिथे टिंबे घातली! म्हणजे वाचकाने रडावे, पण कुठल्या गावासाठी ते विचारू नये. लेखक कोर्टात गेला, हरला. ती नावे जागच्या जागी यायला १८७५ ची आवृत्ती उजाडावी लागली.