यात्रेचा मुक्काम बेथलेहेमला



वसईच्या किंवा अहिल्यानगरच्या एखाद्या चर्चमध्ये रविवारची उपासना संपली की सूचना वाचतात. त्यांत अधूनमधून एक हमखास असते: पवित्र भूमीची यात्रा निघते आहे, सोबत फादर किंवा पाळकसाहेब आहेत, नावे लवकर द्या. या यात्रांचा मार्ग साधारण ठरलेला असतो. मुंबईहून अम्मान, मोशेने वचनदत्त देश पाहिला तो नबो डोंगर, मग इस्राएल आणि पॅलेस्टाईन, शेवटी सिनाय आणि कैरो. सगळे दहा-बारा दिवसांत. पहाटे उठायचे, बॅगा बसमध्ये टाकायच्या आणि निघायचे.

तिथला वाटाड्या प्रत्येक ठिकाणी ‘हीच ती जागा’ म्हणतो. ते जरा सबुरीने घ्यावे. गेथशेमाने बागेतली जैतुनाची जुनी झाडे पाहून भाविकांचे डोळे भरून येतात, पण 2012 साली इटलीच्या संशोधकांनी तपासलेल्या खोडांचे वय साधारण 900 वर्षे निघाले. येशूची कबर यरुशलेममध्येच दोन ठिकाणी दाखवतात. एक कॉन्स्टंटाइन बादशहाने बांधलेल्या आणि 335 साली समर्पित झालेल्या चर्चमध्ये. दुसरी जुन्या तटाबाहेर एका बागेत. ही दुसरी एकोणिसाव्या शतकात पुढे आली आणि प्रोटेस्टंट गट आवर्जून तिथे जातात. बाप्तिस्म्याच्या जागेचेही तेच. यार्देनच्या पूर्वतीरावर जॉर्डनने घाट बांधला आहे, पश्चिमतीर इस्राएलच्या ताब्यात आहे, आणि मधली नदी इतकी अरुंद की पलीकडचे भाविक इकडच्यांना हात करतात.

मला यात काही बिघडले असे वाटत नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक बाई पश्चिम युरोपातून या प्रदेशात आली होती. आपल्या मैत्रिणींसाठी तिने प्रवासाची हकिकत लिहिली. तिचा काही भाग आजही उपलब्ध आहे. ती सांगते, प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर आम्ही प्रार्थना करायचो, त्या जागेचा बायबलमधला उतारा वाचायचो, स्तोत्र म्हणायचो. सोळाशे वर्षांनंतरही गटयात्रेची रीत हीच आहे. वारीत दिंडी जशी विणेकऱ्याला धरून चालते, तसा हा गट उतारा वाचणाऱ्याला धरून उभा राहतो. एकट्या पर्यटकाला हे मिळत नाही.

गालील समुद्रावर तर हे फारच जाणवते. नावेचे इंजिन बंद करतात आणि वादळाचा प्रसंग वाचतात. हे गोड्या पाण्याचे सरोवर समुद्रसपाटीपेक्षा 200 मीटरहून अधिक खाली, डोंगरांच्या मध्ये आहे. वारा वरून एकदम कोसळतो, घटकाभरात पाणी खवळते. शिष्य का घाबरले हे पुस्तकात वाचून कळतेच, पण तिथे ते पटते. 1986 साली दुष्काळात या सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा गिनोसारच्या दोन कोळी भावांना चिखलात एक जुनी नाव सापडली. लांबी आठ मीटरच्या आसपास, काळ येशूच्या आगेमागेचा. आज ती किनाऱ्यावरच्या संग्रहालयात आहे. ती येशूची नाव नव्हे, तसा पुरावा नाही. पण पेत्र कसल्या नावेतून जाळे टाकत असेल ते तिच्याकडे पाहून समजते.

यरुशलेमच्या कबरेच्या चर्चमध्ये सहा पंथांचा हक्क चालतो. कोणी कुठे झाडू मारायचा यावरूनही तिथे हातघाई झाली आहे. दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या एका मुसलमान कुटुंबाकडे आहे आणि दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुसलमान कुटुंबाचा. हे पाहून काही भाविक खट्टू होतात. मला उलट तिथला शेजार आवडतो.

खट्टू व्हावे असे खरे कारण बेथलेहेमला आहे. यरुशलेमपासून ते आठ-दहा किलोमीटरवर, पण मध्ये उंच भिंत आणि तपासणी नाका. गट बसने येतो, जन्ममंदिराच्या चार फुटी दारातून वाकून आत जातो, चौदा टोकांच्या चांदीच्या ताऱ्याला हात लावतो आणि दोन-तीन तासांत परत यरुशलेमच्या हॉटेलात. येशूच्या या जन्मगावी आजही अरबी बोलणारे ख्रिस्ती राहतात. जैतुनाच्या लाकडाचे आणि शिंपल्यांचे कोरीव काम, खाणावळी, मुक्कामाची घरे यांवर त्यांचे पोट चालते. एकेकाळी गावात त्यांचीच बहुसंख्या होती. आता ते अल्पसंख्य आहेत, तरुण परदेशी निघून जात आहेत. 2023 आणि 2024 चा नाताळ तिथे युद्धामुळे रोषणाईविना गेला आणि यात्रेकरूंवाचून दुकाने बंद पडली.

वाटा सुरक्षित असतील तेव्हा जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ जरूर वाचावे. आणि यात्रा कंपनीला पैसे भरण्याआधी एवढे विचारावे: बेथलेहेमला मुक्काम आहे का? नसेल, तर एका रात्रीचा तरी मागून घ्या. सकाळी तिथल्या लोकांबरोबर त्यांच्या अरबी मिस्सेला बसा आणि कोरीव वस्तू विमानतळावर न घेता कोरणाऱ्याच्या दुकानातून घ्या.