तिरपा 'किंवा'

एडविन कर्ली या अमेरिकन अभ्यासकाच्या कारकिर्दीवर बोलायला मला सांगितलंय. मिनिटं थोडी आहेत, म्हणून मी एकाच शब्दावर बोलणार आहे. 'किंवा'!

आमटीला तूर किंवा मूग घ्या, असं आपण सांगतो. डाळी दोन, त्यातली एक उचलायची. पुरणाला मात्र हरभऱ्याची किंवा चण्याची डाळ घ्या, असं सांगितलं की माझ्यासारखा नवशिका दोन डबे शोधत बसतो. अहो, डाळ एकच, नावं दोन! हा दुसरा 'किंवा' लॅटिनमध्ये बहुतेक वेळा वेगळा असतो: 'सिवे' किंवा 'सेउ'. (आत्ताचा माझा 'किंवा' कुठला, ते तुम्हीच ओळखा.) इंग्रजीत दोन्हींना आपला 'ऑर'.

आता लॅटिनमध्ये लिहिणारा तत्त्वज्ञ स्पिनोझा देव आणि निसर्ग यांच्यामध्ये घालतो तो पुरणातला 'किंवा'. वाचकानं तो आमटीतला समजला, की देव एका डब्यात, निसर्ग दुसऱ्यात, आणि त्याचा 'एथिक्स' हा ग्रंथ हातचा गेला. स्पिनोझाच्या इंग्रजी भाषांतरात कर्लींनी 'सिवे', 'सेउ'साठी आलेला प्रत्येक 'ऑर' तिरप्या टाइपात छापला. एवढंच. पण त्यासाठी प्रत्येक ठिकाणी मूळ लॅटिन ताडून पाहावं लागतं.

स्पिनोझाच्या तत्त्वमीमांसेवरचं त्यांचं पुस्तक १९६९ सालीच आलं होतं. तशी आणखी लिहीत राहिले असते तरी नाव झालंच असतं. ते बसले स्पिनोझाच्या ग्रंथांच्या भाषांतराला. पहिला खंड १९८५ मध्ये, दुसरा २०१६ मध्ये. मध्ये ३१ वर्षं! त्या काळात मिशिगन विद्यापीठात शिकवलं, १९९४ मध्ये हॉब्ज या तत्त्वज्ञाच्या 'लेव्हायथन'ची आवृत्ती काढली, तिच्यात लॅटिन पाठातले महत्त्वाचे फरक दिले, ते पुन्हा कधीतरी.

आपल्याकडे म्हणतात, 'त्यांनी काय, नुसतं भाषांतर केलंय.' नुसतं? डाळ एक की दोन, हे मुळात कळल्याशिवाय 'किंवा' तिरपा करता येत नाही हो. पुन्हा सांगतो, ती छपाईची हौस नव्हे, तो अर्थाचा निवाडा आहे. खंडाला जोडलेल्या शब्दसूचीचंही तसंच, तिथं एकेका लॅटिन शब्दाला... असो, स्टुडिओच्या काचेपलीकडून हात दाखवतायत, वेळ संपली.

इंग्रजीतून स्पिनोझा वाचायला घ्याल तेव्हा आधी भाषांतरकाराचं नाव बघा. कर्ली असेल आणि 'ऑर' तिरपा दिसला, तर कृपा करून दुसरा डबा शोधू नका.