श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा
(शताब्दी सोहळ्यात दिंडीतील परिचारिका भगिनींनी केलेले भाषण)



कीर्तनाच्या जागी उभं राहून बोलायचा मला अधिकार नाही, मी गोळ्या-पट्ट्यांची बाई. पण विणेकरीबाबा म्हणाले, "सिस्टर, बोलायचंच." म्हणून उभी आहे.

आपल्या संभाजीनगरच्या घाटीत तुमच्यापैकी पुष्कळांनी कुणाच्या ना कुणाच्या उशाशी रात्र काढली असेल. सिस्टर येते, मनगट धरते, कागदावर आकडे लिहिते, जाते. ते आकडे कशासाठी, तेवढंच सांगते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दुसऱ्या गावी होते. रात्रपाळीला एक म्हातारे बाबा सारखे उठून बसत, "मला घरी न्या" म्हणत. मी दोनदा रागावून निजवलं. तक्त्यावर श्वास २० लिहिला. मोजला नव्हता. शेजारच्या खाटेवर २०, म्हणून त्यांनाही २०. पहाटे मोठ्या सिस्टर आल्या, पांघरूण सारलं आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजलं. ३४! मोठ्या माणसाचा श्वास स्वस्थ बसल्यावर मिनिटाला १२ ते २० असतो. बाबा घरासाठी नाही, हवेसाठी उठत होते. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी बाबा गेले. आधी मोजलं असतं तर वाचले असते का, ते मला आजवर कळलेलं नाही.

तेव्हापासून मी आधी बघते, मोजते, विचारते, मग बोलते. नाइटिंगेलबाईंच्या १८५९ च्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण रुग्णाकडे बघावं कसं यावरच आहे.

आता आपल्या वाटेवरचं. नाथांच्या पालखीसोबत चालताना बीड जिल्ह्यात योगिनी एकादशी आली. एक मावशी लिंबाखाली बसल्या अन् भलतंच बोलायला लागल्या. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं अंगात आलं. हात लावला तर अंग गार, घामानं ओलंचिंब. उन्हाचा झटका असता तर अंग तव्यासारखं तापलं असतं. त्यांच्या जाऊबाईंना विचारलं, सकाळी काय घेतलं? "उपास हाय, पर शुगरची गोळी घेतली." यंत्रावर शुगर ४८. गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. बेशुद्ध असत्या तर थेंबही घातला नसता, पाणी छातीत जातं. १५ मिनिटांनी ८२. मावशी उठून टाळ मागायला लागल्या!

खरा पेच इथंच. काही गोळ्यांचा असर दिवसभर राहतो, शुगर पुन्हा उतरते. मी म्हणाले, दवाखान्यात जायचं. मावशी रडल्या, "इतक्या वर्षांत चुकली न्हाई, तू माझी वारी मोडतीस व्हय?" मलाही भरून आलं. तरी १०८ ला फोन लावला. संध्याकाळी दवाखान्यात शुगर परत उतरली होती. रात्रभर सलाइन चाललं. दोन दिवसांनी त्या जीपनं मुक्कामावर येऊन मिळाल्या, पण पंढरपूर येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

तेव्हा शुगरवाल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यायचं, उपवासाच्या दिवशी गोळी, इन्सुलिन कसं घ्यायचं. चिठ्ठी पिशवीत, साखरेची पुडी कमरेला, आणि शेजारी चालणाऱ्याला माहीत असू द्या.

मावशी आज पुढच्याच ओळीत बसल्यात. नाव घेत नाही, परत रुसतील.

रामकृष्ण हरी!