खांबावरचा मल्लखांब, दोरावरचा मल्लखांब

पुरलेला मल्लखांब आणि दोरीचा मल्लखांब स्पर्धेत एकाच छपराखाली होतात, पण शिकवणाऱ्यासाठी ते दोन वेगळे विषय आहेत. खांब जुना. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या खांबाचा उल्लेख येतो, म्हणजे ही जुनी नोंद कर्नाटकाचीच. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. दोराच्या जागी आधी वेत होता. चांगला वेत मिळेनासा झाला, तेव्हा सुती दोर आला.

खांब शिसवी किंवा सागवानी, खाली जाड, मानेशी निमुळता, टोकाला बोंड. घर्षण कमी व्हावे म्हणून त्याला एरंडेल लावतात. साधी अढी शिकणारे मूल खांब हातांनी धरते, पाय डोक्यावरून वर नेते आणि उलटे होऊन मांड्यांनी पकड घेते. खांब जागचा हलत नाही. शिक्षकाचे सारे लक्ष मांडीच्या पकडीवर आणि मानेवर. पकड सुटली तर मूल डोक्यावरच येते, म्हणून शिक्षक हाताच्या अंतरावर उभा हवा.

दोर मात्र अंगाबरोबर हलतो. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात तो पकडून चढायचे, मग मांडीला, कंबरेला वेढे घेत आसनात जायचे. गाठ कुठेच नाही. सगळे वजन बोटभर दोरावर येते, मांडीवर लाल वळ उठतात, आणि कच्ची मुले इथेच पळ काढतात. वर गेलेल्या मुलापर्यंत हात पोचत नाही. कोणता वेढा आधी सोडायचा हे खालून सांगावे लागते. त्यासाठी वेढ्यांचा क्रम शिक्षकाला तोंडपाठ हवा. खांबावरचा उस्ताद केवळ तेवढ्याने दोराचा शिक्षक ठरत नाही.

पाश्चात्त्य व्यायामातही असेच आहे. जोसेफ पिलाटेसची पद्धत गादीवर किंवा स्प्रिंगच्या यंत्रावर चालते; नर्तकी लोटे बर्क हिने 1959 साली लंडनमध्ये सुरू केलेले ‘बार’चे वर्ग बॅलेच्या दांड्याला धरून. पोट-पाठीचे बळ दोन्हींत लागते, शिक्षकाचे शिक्षण मात्र निराळे.

आता प्रश्न आमच्या गावाचा, कर्नाटकातील कॅसलरॉकचा: इथल्या पावसात उघड्यावरचा खांब चार महिने भिजत राहील. दोर मजबूत तुळईला टांगता येतो, काम झाले की गुंडाळून कोरड्यात ठेवता येतो. खाली जाड गादी हवीच. इथल्या शाळेने सुरुवात दोरापासून करावी, पण दोरावर स्वतः घडलेला शिक्षक मिळाल्यावरच.